लाईट नसताना इलेक्ट्रिक गिटार: बॅटरीवर पेडल अन् ॲम्प चालवताना सारखे विचारले जाणारे प्रश्न

पवनेला कॅम्पिंग, तळजाईची टेकडी, कॉलेजचा कट्टा, नाहीतर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेल्यावरची प्रॅक्टिस, जागा कुठलीही असो प्रश्न तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे छोटे डबे, आणि ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. थोडं गणित आहे, पण पाचवीच्या पोराला जमेल एवढंच आहे.

किती बॅटरी लागेल ते कसं काढायचं?

सगळे व्होल्ट बघतात आणि करंट कोणीच मोजत नाही, निम्मा घोळ इथेच होतो. प्रत्येक पेडलच्या मागे किंवा मॅन्युअलमध्ये मिलिअँपिअर लिहिलेले असतात, बोलताना सगळे एमए म्हणतात, ते कागदावर लिहा आणि बेरीज करा. साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारी पेडल, ह्यांनाच ड्राइव्ह म्हणतात) ५ ते १० एमए खातं म्हणजे काहीच नाही, ट्यूनर ३० च्या आसपास (बॉसचा टीयू-३ ब्राइटनेस फुल केला की ८५ पर्यंत जातो), छोटा डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) ५०-६०, आणि ते स्क्रीनवाले भारी रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखा घुमणारा आवाज देणारे) असतात ते एकटेच २५०-३०० घेतात.

समजा तुमच्या बोर्डवर, म्हणजे सगळी पेडल लावलेल्या फळीवर, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, एक डिले आणि एक मध्यम रिव्हर्ब आहे, सगळं मिळून २०० एमए धरू. ९ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर म्हणजे १.८ वॉट. तीन तास वाजवणार असाल तर ५.४ वॉटअवर. बस एवढंच. आता बॅटरी कुठलीही असो, तिचे वॉटअवर काढायचे आणि ह्याच्याशी ताडून बघायचं, एमएएचची (मिलिअँपिअर-अवरची) एमएएचशी तुलना करत बसू नका कारण व्होल्टेज वेगळं असलं की त्या तुलनेला अर्थ राहत नाही.

पॉवरबँकवर १०००० एमएएच लिहिलंय, म्हणजे २०० एमएवर ५० तास?

नाही हो. तो आकडा आतल्या लिथियम सेलचा आहे, ३.७ व्होल्टचा. म्हणजे ३७ वॉटअवर. तिथून ५ व्होल्ट, मग ५ चे ९ व्होल्ट, दोन्ही वेळा थोडं थोडं वाया जातं, हातात २८-३० वॉटअवर येतात असं धरून चाला. वरच्या बोर्डला त्यावर १५-१६ तास मिळतील, जे तसंही भरपूर आहे, तेवढा वेळ वाजवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मल्टिइफेक्ट (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) असेल आणि ५०० एमए घेत असेल तर ४.५ वॉट, म्हणजे सहा-साडेसहा तास.

पॉवरबँक पेडलला जोडायची कशी? यूएसबी तर ५ व्होल्ट देते.

दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे ५ चे ९ व्होल्ट करणारी बूस्ट केबल, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला डीसी पिन, मधे छोटीशी डबी. दुसरा रस्ता पीडी (पॉवर डिलिव्हरी) ट्रिगर केबल, म्हणजे टाइप-सी वाली पॉवरबँक जर फास्ट चार्जिंगला ९ व्होल्ट देत असेल तर ही केबल तिला सांगते की बाई ९ दे, आणि ती देते. ह्यात एक रूपांतर वाचतं म्हणून मला दुसरा रस्ता आवडतो. पण लक्षात ठेवा, बऱ्याच पॉवरबँकांना दुसऱ्या पोर्टला कोणी मोबाईल लावला की त्या व्होल्टेज नव्याने ठरवायला घेतात, क्षणभर सप्लाय जातो आणि तुमचा डिले सोलोच्या मधेच रीस्टार्ट होतो. त्यामुळे वाजवताना मित्राला 'जरा चार्जिंगला लावू का' असं विचारू द्या, उत्तर नाही.

आणि दोन्ही प्रकारच्या केबलीत पोलॅरिटी तपासल्याशिवाय पेडलला लावायचं नाही, त्यासाठी पुढचा प्रश्न नीट वाचा.

पोलॅरिटीचं एवढं काय आहे?

बाकी जगात डीसी पिनला मधे प्लस असतो, राऊटर, सीसीटीव्ही, एलईडी पट्टी सगळं तसंच. गिटार पेडलला उलटं, मधे मायनस आणि बाहेर प्लस. बॉसने तसं ठेवलं आणि बाकी सगळ्यांनी तेच उचललं. पिन तीच, ५.५ बाय २.१ मिलिमीटर, त्यामुळे ती मस्त बसते आणि तिथेच माणूस फसतो.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलात तर ९ व्होल्टची क्लिप आणि तिला डीसी पिन जोडलेली अशी तयार वायर मिळते, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला नेतात ती, ती आर्डुइनो नावाच्या सर्किट बोर्डसाठी असते म्हणजे मधे प्लस. ती तशीच पेडलला लावायची नाही. कापून वायरी उलट्या करा, सोल्डरचा डाग लावा, टेप गुंडाळा, किंवा पोलॅरिटी उलटवणारी छोटी केबल घ्या. मग मल्टिमीटर लावून बघा, काळा प्रोब बाहेरच्या भागाला आणि लाल मधे, आकडा मायनस ९ आला पाहिजे. साधा मल्टिमीटर एका पेडलच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त येतो, तो घ्याच.

अपवाद आहेत. जुन्या धाटणीचे जर्मेनियम फझ (आवाज पार फाटका करणारी पेडल), पीएनपी ट्रान्झिस्टरवाले, त्यांना पॉझिटिव्ह ग्राउंड असतं, म्हणजे मधे प्लस. असं पेडल बाकीच्यांच्या साखळीत एकाच सप्लायवर लावलं तर गिटारच्या केबलमधूनच शॉर्ट होतं. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या, प्रश्न मिटला. आणि काही जुन्या पेडलांना, म्हणजे लाइन सिक्सचा हिरवा डीएल-४ किंवा डिजिटेकची जुनी व्हॅमी (सूर वर-खाली ओढणारं पेडल), ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. बॅटरीतून एसी येत नाही, त्यामुळे व्हॅमी घरी ठेवा. डीएल-४ मध्ये मात्र खाली चार जाडे सी साइजचे सेल बसतात, तो मजेत चालतो.

नुसती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी का नको?

नको असं नाही, एक-दोन ॲनालॉग पेडल असतील तर तेच सगळ्यात उत्तम. कसला कन्व्हर्टर नाही, कसला आवाज नाही, आणि प्रत्येक पेडल दुसऱ्यापासून आपोआप सुटं. अल्कलाइनमध्ये साधारण ५०० एमएएच असतात, ओव्हरड्राइव्ह ५-१० एमए खात असेल तर महिनाभर बघायला लागत नाही. पण तीच ६० एमएच्या डिजिटल डिलेला लावली तर एका संध्याकाळीत आटोपते, आणि ३०० एमएवाल्या रिव्हर्बला लावायचा विचारसुद्धा करू नका.

दुकानदार बहुतेक वेळा स्वस्तातली साधी कार्बन झिंक देतो, मल्टिमीटरला चालते ती. पेडलला लवकर मरते. गंमत म्हणजे फझवाल्यांना तीच हवी असते, तिचा आतला रोध जास्त असतो त्यामुळे जोरात वाजवलं की व्होल्टेज थोडं बसतं आणि फझचा आवाज जरा फाटका, ढिला होतो. मला फझच्या बाबतीत पटतं. डिलेच्या बाबतीत कोणी असं सांगितलं तर विषय बदला.

रिचार्जेबल ९ व्होल्टमध्ये दोन जाती आहेत. निकेलवाली खरंतर ८.४ व्होल्टची आणि २०० एमएएचच्या आसपास असते, म्हणजे अल्कलाइनच्या निम्मीसुद्धा नाही. दुसरी लिथियमवाली, जिच्या बुडाला यूएसबीचं भोक असतं, तिच्या आत बूस्ट सर्किट असतं आणि काही ब्रँडमध्ये ते हाय गेनला, म्हणजे आवाज खूप फाडून वाजवताना, चिरचिर ऐकू येतं. घेण्याआधी ऐकून बघता आलं तर बघा.

पेडलचा स्विच बंद असला तरी बॅटरी उतरते, असं कसं?

कारण तो स्विच पॉवरचा नाहीच, इफेक्टचा आहे. पॉवरचा स्विच म्हणजे इनपुटचा जॅक. तिथे स्टिरिओ जॅक असतो आणि गिटारची केबल घातली की बॅटरीचा मायनस ग्राउंडला जोडला जातो. त्यामुळे वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची, एवढंच. गिटारमधल्या बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअप आणि सेमी-अकूस्टिकच्या प्रीॲम्पलाही हाच नियम, गिटार स्टँडवर आणि केबल आत अशी रात्रभर ठेवली तर बॅटरी तुमच्यासाठी थांबणार नाही.

पेन्सिल सेलचा काही जुगाड?

जुगाड नाही, हाच माझा सगळ्यात आवडता उपाय आहे आणि लोक त्याच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. सहा अल्कलाइन पेन्सिल सेल म्हणजे ९ व्होल्ट, आणि क्षमता दोन-अडीच हजार एमएएच, म्हणजे चौकोनी बॅटरीच्या चार-पाचपट. रिचार्जेबल निकेलवाले घेतले तर एक सेल १.२ व्होल्टचा, मग सहाचे ७.२ च होतात, कमी पडतात, म्हणून आठ सेलचा होल्डर घ्या, ९.६ होतात. फक्त ताजे चार्ज केलेले असतील तर सुरुवातीला ११ च्या वर दिसतात, बहुतेक ॲनालॉग पेडलना त्याचं काही वाटत नाही पण डिजिटलवर कंपनीने ९ च लिहिलं असेल तर थोडा वेळ दुसऱ्याच पेडलवर चालवून ते खाली येऊ द्या. एनेलूपसारखे कमी गळणारे सेल घेतलेत तर महिनाभर कपाटात पडून राहिले तरी चार्ज टिकून असतो. होल्डरला डीसी पिन लावा (मधे मायनस!), खाली वेल्क्रो, आणि बोर्डच्या पोटात चिकटवून टाका.

माझ्याकडे राऊटरचा मिनी यूपीएस आहे, तो चालेल का?

हा हल्ली फार येतो, कारण वर्क फ्रॉम होमनंतर घरोघरी तो डबा आहे. चालू शकतो. खालचं लेबल वाचा, ९ व्होल्टचं आउटपुट वेगळं असेल तर ते वापरा, नुसता १२ व्होल्टवाला असेल तर पेडलला सरळ लावायचा नाही. पिनच्या मधे प्लस असतो म्हणून उलटवणारी केबल लागणारच. आत साधारण दोन-तीन लिथियम सेल असतात, दहा-पंधरा वॉटअवर मिळतात, छोट्या बोर्डला संध्याकाळपुरतं होतं. आणि परत जागेवर ठेवा, नाहीतर सोमवारी घरात मीटिंगच्या वेळी बोंब होते.

पॉवरबँक दर दोन मिनिटांनी आपोआप बंद होते, खराब आहे का?

खराब नाही, हुशार आहे. मोबाईल चार्ज झाला की करंट कमी होतो आणि मग ती स्वतःला बंद करते, तसंच तुमचं एकुलतं एक ओव्हरड्राइव्ह इतकं कमी खातं की तिला वाटतं काही लावलेलंच नाही. ही हद्द साधारण ५० ते १०० एमएच्या आसपास असते, प्रत्येक मॉडेलची वेगळी. काही पॉवरबँकांत इअरबड आणि घड्याळासाठी लो करंट मोड असतो, बटण दोनदा दाबलं की येतो, पण काही वेळाने तोही जातो. सोपा मार्ग म्हणजे त्याच पॉवरबँकला छोटा यूएसबी दिवा लावून ठेवा, अंधारात पेडलही दिसतात.

बॅटरी असूनही कुई कुई आवाज येतो. मेन्सच नाही तर आवाज कुठून?

मेन्सचा ५० हर्ट्झचा हम बॅटरीवर सप्लायमधून येत नाही हे खरं, म्हणून मोकळ्या टेकडीवर हम पकडणारी सिंगल कॉइल गिटारसुद्धा इतकी शांत वाजते की नवीन पोरांना वाटतं ॲम्प बंद पडला. पण व्होल्ट वाढवणारा बूस्ट किंवा कमी करणारा बक कन्व्हर्टर स्वतः सेकंदाला लाखो वेळा स्विच करत असतो. तो वेग कानाला ऐकू येणारा नसतो, पण डिजिटल पेडलच्या आतही स्वतःचं घड्याळ असतं आणि ह्या दोन वेगांमधला फरक ऐकू येण्याजोगा निघाला की शिट्टी वाजते. वर हाय गेन असेल तर ती शिट्टी हजारपट मोठी होते.

इलाज असा, डिजिटल पेडल एका सप्लायवर आणि ड्राइव्हची पेडल दुसऱ्यावर करा. ड्राइव्हना साध्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घाला, डिले-रिव्हर्बला पॉवरबँक. दहापैकी आठ वेळा इथेच काम होतं. तरी आवाज राहिला तर आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून सुट्या आउटपुटवाला सप्लाय घ्यायचा, यूएसबीवर चालणारेही मिळतात, मिशन इंजिनिअरिंगचा ५२९ त्यातलाच, महाग आहे पण काम चोख. फेराइटचा मणी, केबलला गाठी, हे सगळं करून बघा हवं तर, माझा त्यावर फार विश्वास नाही.

१२ व्होल्टची यूपीएसवाली बॅटरी वापरू का?

७ अँपिअरअवरची सीलबंद बॅटरी म्हणजे ८४ वॉटअवर, वजन दोन-अडीच किलो, स्वस्त आणि कुठेही मिळते. अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणून ४० वॉटअवरच आपले समजा. १२ चे ९ करायला ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर लावा, दोन बाजूला दोन कपॅसिटर, झालं. तो स्विच करत नाही त्यामुळे आवाज अजिबात नाही. उरलेले तीन व्होल्ट उष्णता म्हणून फेकतो, ३०० एमएला एक वॉटच्या आसपास, म्हणून मागे ॲल्युमिनियमचा तुकडा लावायचा. बॅटरी ११ च्या खाली आली की रेग्युलेटरला ९ देणं जमत नाही, पण तोवर तुम्ही थांबलेलं असणंच बरं.

प्लसच्या वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, २ अँपिअरचा फ्यूज हवाच. ही गोष्ट मी वाद न घालता सांगतोय. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण कापलेली गिटारची तार दोन्ही टर्मिनलवर पडली तर ती लालबुंद होते आणि ती बॅगेत, कापडाला चिकटून पडलेली असते. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीलाही खिशात नाणी-किल्ल्यांसोबत ठेवू नका, तोंडाला टेप लावा.

नवीन घेणार असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, वजन निम्मं, जवळजवळ पूर्ण उतरवता येते आणि दोन हजारच्या वर सायकल टिकते. सुटे १८६५० (गोल लिथियम) सेल आणून घरी पॅक बनवायचा असेल तर बीएमएसशिवाय (सेल सांभाळणाऱ्या सर्किटशिवाय) नाही, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तर नाहीच नाही.

पेडल ठीक, पण ॲम्प?

खरा खर्च तिथे आहे. बॅटरीवर चालायला बनवलेला ॲम्प घ्या, बाकी सगळे उपाय ह्याच्यापुढे उपद्व्याप आहेत. ही कल्पना नवीन पण नाही, पिगनोज १९७३ मध्ये आला, सहा सेलवर चालणारा लाकडी डबा. आज रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॉटचा आहे, सहा पेन्सिल सेलवर अल्कलाइनला २५ तासांच्या आसपास जातो. बॉसचा कटाना मिनी ७ वॉट, तोही सहा सेल. कट्ट्यावर गाणाऱ्यासोबत वाजवायचं असेल तर क्यूब स्ट्रीट ईएक्स, ५० वॉट, आठ सेल, माइकचं इनपुट आहे आणि पॉवर कमी करायचा स्विच आहे, इकोवर टाकलं तर सेल खूप जास्त चालतात. झूमचा जी१ फोर चार सेलवर किंवा यूएसबीवर चालतो, हेडफोन लावा आणि रात्री तंबूत कोणाची झोप न मोडता वाजवा.

आवाज वाढवायला वॉट वाढवत बसू नका. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात आणि बॅटरीही त्याच हिशोबात. त्यापेक्षा ॲम्प खुर्चीवर ठेवा, कानाच्या उंचीला आणा, मागे भिंत किंवा दगड असू द्या. फरक ऐकून बघा. बाकी गणपतीत ढोलताशासमोर कुठलाच बॅटरी ॲम्प टिकत नाही, प्रयत्न करू नका.

माझा व्हॉल्व्ह ॲम्प इन्व्हर्टरवर?

होतं, पण हौस पाहिजे. १५ वॉटच्या ॲम्पमध्ये दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह असतील तर त्या काचेच्या नळ्या तापवणारे नुसते हीटरच १५ वॉट खातात, एक सूर न काढता. एकूण ५०-६० वॉट धरा, इन्व्हर्टरची घट धरून १२ व्होल्टमधून ६ अँपिअर. यूपीएसची छोटी बॅटरी अर्ध्या तासात बसेल. घरातली १५० अँपिअरअवरची ट्यूब्युलर बॅटरी दिवसभर चालवेल, पण ती ५० किलोच्या वर आहे आणि आत ॲसिड आहे, टेकडीवर कोण नेणार?

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, गरम होतो आणि तो आवाज स्पीकरमधून येतो. लिथियमचे पोर्टेबल पॉवर स्टेशन ह्या कामाला बरे, २५०-३०० वॉटअवरच्या डब्यावर तीन-चार तास सहज जातात, फक्त त्यांचा पंखा रेकॉर्डिंगमध्ये येतो.

गाडीच्या सॉकेटवरून?

इंजिन बंद ठेवा, चालू असेल तर अल्टरनेटरची शिट्टी येते आणि व्होल्टेज १४ च्या वर जातं. बॅटरी उतरवू नका, पानशेतला धक्का मारायला कोणी मिळत नाही. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत पॉवरबँक ठेवून जाऊ नका, ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणं तसंही धोक्याचं.

विमानात नेता येतं का?

पॉवरबँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉटअवरपर्यंत अडचण नसते, २०००० एमएएचची म्हणजे ७४, चालते. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते.

टेकडीवर ॲम्प लावला तर कोणी काही बोलतं का?

पुणे आहे, बोलणारच. सकाळी फिरायला येणारे काका-काकू पक्ष्यांसाठी आलेले असतात, तुमच्या डिस्टॉर्शनसाठी नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे ते, त्यात बॅटरीवाल्याला सूट नाही.

बरेच दिवस पेडल पडून होतं, उघडलं तर आत पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय. गेलं का?

बहुतेक नाही. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि टर्मिनल खातं. हाताला लागू देऊ नका, सेल काढा, कानाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन टर्मिनल पुसा, थोडं फसफसेल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. क्लिप काळी पडली असेल तर नवीन क्लिप काही रुपयांत मिळते, लाल-काळी वायर आधी कुठे होती त्याचा फोटो काढून मगच जुनी कापा. गळलेला सेल ओल्या कचऱ्यात नको, ई-कचऱ्यात द्या.